मोठमाय, वगार आणि पांढरा यशम

पांढऱ्या दगडाइतका लबाड प्राणी मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि मी रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहतो, तरीही हे म्हणतो. आमच्या यवतमाळकडचा काळा दगड सरळमार्गी. तो जातं होईल, पाटा होईल, नाही तर गोठ्याच्या दाराशी पायरी होऊन पडून राहील. पण मी दुसराच कोणी आहे असं कधी सांगणार नाही. दगड पांढरा झाला की त्याच्या डोक्यात वारं शिरतं. शेतातली गारगोटी स्वतःला हिरा समजते. शंखजिरं संगमरवराचा आव आणतं. आणि संगमरवर, जरा घासूनपुसून बसवला, की सरळ यशम म्हणून मिरवतो.

यशम म्हणजे इंग्रजी शिकलेले लोक ज्याला जेड म्हणतात तो. बादशहाच्या खंजिराची मूठ, बेगमेचा प्याला, धनुर्धाऱ्याच्या अंगठ्यातलं कडं, सगळं यशमाचं. मी हैदराबादेत तीन वर्षं यशमात काढली. तिथल्या एका कारखान्यात जुन्या मुठींना नवी चकाकी द्यायचं काम चाले, आणि गावी, बोरी अरबला, परतल्यावर मी लोकांना सांगितलं की निजामाच्या अर्ध्या तलवारी माझ्या हाताखालून गेल्या. खरं म्हणाल तर माझं काम फिरत्या सहाणेवर पाण्याची धार सोडायचं होतं. पण विचार करा. मालकाचं नाक दगडापासून चार हात लांब, गादीवर. कारागिराचं हातभर. पाणी सोडणाऱ्याचं नाक वीतभर अंतरावर! मग दगड कोणाला जास्त कळणार?

यशमाच्या प्याल्यात विष ओतलं तर प्याला तडकतो, असं तिथले म्हातारे सांगत. मी गावात सांगताना त्यात थोडी भर घातली. आमच्या मालकाच्या सासूनं एकदा वरण वाढलं आणि सहाच्या सहा प्याले एकदम फुटले, असं मी सांगे. गावातल्या सगळ्या जावयांना ही गोष्ट पटली.

छप्पन साली मी हैदराबाद सोडलं. त्या वर्षी आमची सगळी वस्ती नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली, आणि मी मागे राहणं शक्यच नव्हतं. परत आल्यावर गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचा धंदा धरला. जातं गुळगुळीत झालं की पीठ जाडंभरडं पडतं, मग छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खरखरीत करायचं. दगडावर बोट वाजवून आत चीर आहे की नाही ते मी सांगत असे. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघे. दहाव्या वेळी मी दुसऱ्या गावाला गेलेलो असे.

आता मोठमाय. माझ्या आईची ही थोरली बहीण. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तिनं वस्तीतून हाक मारली तर दारव्ह्याची जनावरं माना वर करत. दीक्षा घेऊन आल्याबरोबर तिनं घरातले पितळेचे देव फडक्यात बांधले, नदीवर नेले आणि डोहात सोडले. मागे वळून पाहिलं नाही. नंतर वस्तीनं मातीच्या भिंती उचलून, वर टिनाचे पत्रे टाकून विहार बांधलं, तेव्हा चिखल तुडवायला ती सर्वांत पुढं होती. विहारात बुद्धाची एक तसबीर होती. मोठमायला मूर्ती हवी होती. आणि मूर्ती पांढरी हवी होती, पण संगमरवराची नको होती.

कारण साधं होतं. गावातल्या एका देवळात संगमरवराचा देव होता. मोठमायचा जन्म त्या देवळाच्या बाहेरच्या रस्त्यावर गेला होता, आणि त्या रस्त्यावरनं जाताना पायरीवर सावली पडू नये म्हणून तिला लहानपणापासून पलीकडच्या कडेनं चालायला शिकवलं होतं.

"त्याईच्या देवाचा दगड आपल्याले नको," ती म्हणे. "आपला बुद्ध दुसऱ्या दगडाचा पायजे. त्याहून भारी."

त्याहून भारी दगड बाजारात आपल्या पायांनी चालत आला. हैदराबादेकडून जुनंपानं विकणारा एक फेरीवाला उन्हाळ्यात आमच्याकडचे बाजार करी. सतरंजीवर अत्तरदाण्या, किल्ल्या हरवलेली कुलपं, हुक्क्याच्या नळ्या आणि बाराच वाजवणारं एक घड्याळ. त्या दिवशी मधोमध लाल मखमलीवर एक बुद्ध बसला होता. वीतभर उंच, पांढरा, तुपानं माखल्यासारखा तुकतुकीत. मोठमाय त्याच्यासमोर रुतलेल्या गाडीसारखी उभी राहिली.

"हा दगड कोनता हाय, भाऊ?"

"यशम है, अम्मा. असली संगे-यशम."

"संगमरवर तं नाई न?"

फेरीवाल्यानं कानाला हात लावला. "तोबा! संगमरवर तो फर्श में लगता है. उसपर लोग पाँव रखते हैं."

इथंच मोठमाय विकली गेली. तिच्याजवळ द्यायला होती ती एक वगार, म्हशीची पारडी. दीड वर्षाची, काळीभोर. तिची आई साप चावून मेली, तेव्हा मोठमायनं शेजारणीकडून दूध आणून, बोट चाटवून चाटवून ती वगार जगवली होती. आणखी दोन वर्षांनी ती व्याली की घरात दूध येणार, या आशेवर मोठमायचं निम्मं बोलणं चाले. फेरीवाल्याचा मेव्हणा दिग्रसला म्हशी पाळून होता, म्हणून त्यालाही सौदा पटला. पण मोठमाय कच्ची नव्हती. भरबाजारात तिनं अट घातली.

"माह्या बहिणीचा पोरगा हैदराबादले राहून आला. आठ दिवस थो पारख करीन. यशम निघाला तं वगार तुही. संगमरवर निघाला तं पुढच्या बाजारी वगार आनजो, अन् आपली मूर्ती घेऊन जाजो."

"ज़बान दी, अम्मा," तो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला. सगळ्या बाजारानं ऐकलं.

म्हणजे आता वगार माझ्या जिभेला बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठमायच्या ओट्यावर अख्खी वस्ती जमली. पारखीला तयारी लागत नाही, पण लोकांना बघायला आवडतं, म्हणून मी पाण्याची परात, पांढरं फडकं आणि पाट मागवला. मूर्ती पाटावर ठेवली. भोवती तीन फेऱ्या मारल्या. चौथी मारणार होतो, पण मोठमाय म्हणाली, "घाण्याले जुंपला काय रे? पाह्य न लवकर."

पहिली परीक्षा थंडाव्याची. मी मूर्ती गालाला लावली. वैशाखाचं ऊन होतं, ओट्यावरची कुत्री वितळायच्या बेतात होती, आणि मूर्ती गार. हैदराबादेत मी भर दुपारी पोटावर यशमाची मूठ ठेवून निजलो होतो आणि हुडहुडी भरून पांघरूण मागवावं लागलं होतं, हे मी लोकांना सांगितलं. दुसरी वजनाची. यशम दिसतो त्यापेक्षा जड असतो. हातात तोलली, जड लागली. तिसरी उजेडाची. बुद्धाच्या लांब कानाच्या पाळ्या पातळ कोरलेल्या होत्या. उन्हात धरल्या तर त्यांतून दुधात पाणी घातल्यासारखा प्रकाश आला. यशमात तो तसाच येतो. संगमरवरातही बराचसा तसाच येतो, पण ही गोष्ट मी त्या दिवशी लोकांना सांगितली नाही.

चौथी नादाची. खरा यशम दोऱ्यानं टांगून वाजवला तर घुंगरासारखा बोलतो. मी दोरा काढला आणि मूर्तीच्या मानेभोवती गुंडाळू लागलो.

"अबे!" मोठमाय ओरडली. "बुद्धाले फाशी देतं काय?"

दोरा खिशात गेला. मी बैठकीवर नखानं टिचकी मारली. टण्ण झालं. नुसत्या टिचकीला दगडानं किती बोलावं? जेवढा बोलला तेवढा मला पुरेसा वाटला.

राहिली शेवटची आणि खरी परीक्षा. बाकी सगळ्या परीक्षा म्हणजे नवरी बघण्याचा कार्यक्रम. खरा संसार सुईनं कळतो. संगमरवरावर पोलादी सुई ओढली तर ओरखडा उठतो. शंखजिऱ्यावर तर नखानंही उठतो. यशमावर सुई ओढा, सुईच झिजेल आणि दगड तसाच हसत राहील.

"मोठमाय, एक सुई आन."

"सुई कायले?"

"जरासा ओरखडा मारून पाह्यतो."

"बुद्धाच्या अंगाले सुई लावीन म्हनतं?"

"अंगाले नाई गं. खाली, बुडाले. कोनाले दिसत बी नाई."

"तुह्या बुडाले लावू काय आधी?"

ओट्यावरची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. एक म्हातारा ओट्यावरनं खाली गेला, तो तिथूनच हसत राहिला. त्या हसण्यात माझी खरी परीक्षा वाहून गेली. वस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आता 'सांगता येत नाही' असं म्हणता आलं असतं. पण पारखी माणूस 'सांगता येत नाही' म्हणायला लागला तर त्याच्यात आणि पारख नसलेल्यात फरक काय राहिला? मी छाती फुगवली.

"यशम! सोळा आणे यशम! असा तुकडा मी हैदराबादेत बी दोनदाच पाह्यला."

मोठमायनं डोळे पुसले. मला वाटलं आनंदानं. नंतर कळलं, वगार गेली म्हणून.

बाजाराचा दिवस उजाडला. मोठमायनं ठरवलं होतं की मूर्ती बाजारात न्यायची, फेरीवाल्याला सगळ्यांसमोर सांगायचं की आमची पारख झाली, सौदा पक्का, आणि तिथूनच ती वाजतगाजत विहारात आणायची. म्हणून सकाळी तिनं आणि वस्तीतल्या तीन बायांनी मूर्ती धुवायला घेतली.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. या बायांनी देव सोडले होते. मनातून काढले, देव्हाऱ्यातून काढले, डोहात बुडवले. पण आईच्या आईपासून चालत आलेली हातांची सवय डोहात बुडत नाही. त्यांच्या हातांना घरातली पवित्र वस्तू धुवायची एकच रीत ठाऊक होती, पितळेच्या देवांची: आधी कढत पाणी, मग चिंचेचा दाट कोळ चोपडून घटकाभर तसाच राहू द्यायचा, मग नारळाच्या काथ्यानं खसखसा घासायचं. पितळेचा देव त्यानं सोन्यासारखा निघतो. बुद्धाला कमी कसं करायचं? उलट त्यांनी चिंच दुप्पट घेतली.

मी पोचलो तेव्हा घमेल्यातल्या पाण्यावर मेणाचा तवंग तरंगत होता. तवंग कसला, माझी अब्रूच ती, जरा पसरून. जी तुपकट झळाळी बघून मी सोळा आणे म्हणालो होतो, ती दगडाची नव्हतीच. कोणीतरी मूर्ती तापवून तिला मेण पाजलं होतं.

मोठमाय अंगठा फिरवत होती. "काहून खरखर लागून राह्यली रे ही?"

बुद्धाचे गुडघे आणि खांदे मळकट, निस्तेज झाले होते. चिंच जिथं जास्त वेळ बसली तिथं दगडाचे बारीक कण उन्हात चमकत होते, खडीसाखरेसारखे. यशमात कण नसतात. हे मला हैदराबादेत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"मोठमाय," मी म्हणालो, "हा संगमरवर हाय."

"मंग यशम कायले म्हनला तू?"

"वरून मेन लावलं होतं."

"हैदराबादले मेनाची पारख शिकवत नाईत काय?"

मी घमेल्यातला तवंग बोटानं कडेला सारू लागलो.

एक बाई हळूच म्हणाली, "आता थो माणूस वापस घेते काय? म्हनन, तुमीच खराब केली."

मोठमाय उकिडवी बसली. ओरडली नाही, हे वाईट लक्षण. "गेली वगार," ती इतकंच म्हणाली. तिच्या हातांना कोपरापर्यंत चिंच लागलेली होती, आणि ते हात तिनं तसेच गुडघ्यांवर ठेवले होते.

मी तिच्याकडे बघत उभा होतो, आणि तेव्हा माझं डोकं चाललं. माझं डोकं अडचणीत घोड्यासारखं धावतं. अडचण नसली की म्हशीसारखं डुंबतं. "ऊठ," मी म्हणालो. "त्यानं खराब झाली म्हनावं, हेच तं पायजे आपल्याले. चाल बाजारात."

फेरीवाल्यानं सतरंजी मांडली होती. मागे निंबाच्या झाडाला वगार बांधलेली होती. जबान दिली म्हणून तो तिला दिग्रसहून घेऊन आला होता, एवढं त्याचं मानलं पाहिजे. मोठमायनं फडकं सोडलं आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"या अल्ला, अम्मा! ये क्या कर दिया? सारी चमक उड़ा दी!"

"कशानं उडाली?" मी विचारलं.

"इमली से! और काहे से?" त्यानं मूर्तीच्या कानाच्या पाळीला बोट लावून चाटलं. "इमलीच है!"

"यशम चिंचेनं उडते काय, उस्ताद?"

भोवती माणसं गोळा व्हायला लागली. बाजारात मिरच्यांचा भाव पडला तरी जमत नाही एवढी गर्दी दोन माणसांच्या भांडणाला जमते. त्यानं सावरून घेतलं. "यशम नाज़ुक चीज़ है, भाई."

त्याच्या उजव्या अंगठ्यात एक जाड पांढरं कडं होतं. मी ते पहिल्या दिवसापासून बघून ठेवलं होतं.

"हे कायचं हाय?"

"ये?" त्याची मान ताठ झाली. "ये मेरे दादा का है. ख़ालिस यशम. सात पुश्तों का."

"मंग याच्यावर लिंबू पिळू?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. पण आजोबांचं कडं, आणि भोवती शंभर माणसं! "एक क्यों, दस पिळो!" तो गरजला.

भाजीवालीनं आपण होऊन लिंबू कापून दिलं. मी कड्यावर पिळलं. सगळे वाकले. रस दगडावरनं अळवावरच्या पाण्यासारखा ओघळला. थोडं थांबून पुसलं. कडं होतं तसं, जरा जास्तच चकचकीत. फेरीवाल्यानं गर्दीवर विजयी नजर फिरवली. मग मी मूर्ती आडवी केली, आणि उरलेली फोड बैठकीच्या खालच्या बाजूवर पिळली, जिथं मोठमायनं सुई लावू दिली नव्हती.

दगडावर बारीक बारीक बुडबुडे उठले. मी म्हणेन भाताच्या पेजेसारखा फेस आला. जवळ उभे असलेले म्हणतील, इतका नव्हता. पण आला. जवळ कान नेला असता तर चुरचुर ऐकू आली असती.

फेरीवाला गुडघ्यांवर बसला. त्यानं बोटानं तो फेस पुसला. पुन्हा आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैंने भी यशम समझके लिया था, भाई. मुझे भी किसीने..." आणि पुढचं गिळलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, चांगली चारपाच वाक्यं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. आठ दिवसांपूर्वी मीही तिथंच बसलो होतो, त्याच दगडासमोर.

मोठमाय मात्र त्या बुडबुड्यांकडे बघत होती. "म्हनजे देवळातला थो बी असाच?"

"संगमरवर सगळा असाच, मोठमाय."

"ज्याच्या पायरीले माही सावली चालत नव्हती, थो दगड चिंचेले भेते?" आणि ती हसली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून. अख्खा बाजार बघत राहिला. गर्दीत देवळाकडचीही दोन माणसं होती. त्यांना एकाएकी कांदे आठवले आणि ती कांद्यांकडे गेली.

फेरीवाल्यानं उठून वगारीचा दोर सोडला आणि मोठमायच्या हातात दिला. वगारीनं तिच्या कोपरावरची वाळलेली चिंच चाटायला सुरुवात केली. "और ये भी रख लो, अम्मा," मूर्तीकडे बोट करून तो म्हणाला. "मेरे किस काम की अब?"

मला वाटलं, मिटलं. वगार मिळाली, मूर्तीही मिळाली, आणि माझी गोष्ट शंभर वर्षं चालेल. पण मोठमायचा चेहरा बदलला.

"फुकट?"

"फुकट ही समझो."

"नाई लागत." तिनं मूर्ती त्याच्या सतरंजीवर ठेवली. "हात पसरनं आमी सोडलं, भाऊ. छप्पनपासून कोनाची भाकर बी घेतली नाई मागून. अन् मागून आनलेला बुद्ध विहारात बसवू?"

"तो फिर वापस ले जाऊँ?"

"तसं बी मी नाई म्हनलं. संगमरवराचा भाव सांग."

तो चक्रावला. मीही. यशम नाही म्हणून सौदा मोडला, आणि आता त्याच दगडाचा दुसरा सौदा? पण तिच्या डोळ्यांत आता संगमरवराचं काही वाटत नव्हतं. तो तिनं हातानं घासून पाहिला होता.

"चार पायली ज्वारी," तो म्हणाला.

"दोन."

"अम्मा, कारीगरी देखो! नाक देखो!"

"नाक चांगलं हाय. पन पॉलिश कुठी हाय?"

"पॉलिश तो तुमने बिगाड़ी!"

"बिघडवली नाई. उघडी पाडली. दोन."

अडीचवर तुटलं, कारण त्यानं मध्येच आजोबांच्या कड्याची शपथ घातली आणि मोठमायला आजोबांची कीव आली. ज्वारी वस्तीतून आणून मापून दिली, माप शिगोशीग. फेरीवाल्यानं ती पिशवीत ओतली, मूर्तीच्या गुडघ्यावरनं एकदा हात फिरवला आणि सतरंजी आवरायला घेतली. त्या वर्षी तो नंतरही आला. पण यशम हा शब्द त्यानं आमच्या बाजारात पुन्हा काढला नाही. त्याचा सगळा माल आता "अच्छा पत्थर" होता.

आम्ही निघालो. वस्तीची माणसं मागे, पुढं मोठमाय, तिच्या एका हातात दोर आणि कडेवर मूर्ती. वगार तिला रस्ताभर वेडंवाकडं ओढत होती. मी धावत गाठलं आणि मूर्तीला हात घातला.

"दे इकडं, मी घेतो."

तिनं मूर्ती दुसऱ्या कडेवर घेतली आणि दोर माझ्याकडे फेकला.

"तू वगार धर. दगडातलं तुले काही समजत नाई."

मी दोर धरला.